उजवी बाजू लुळी पडली की वाचा का जाते?

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेली व्यक्ती आपल्यापैकी बहुतेकांनी घरात, नात्यात किंवा निदान शेजारी पाहिलेली असते. अशा रुग्णांविषयी जुनी माणसे अनुभवाने एक गोष्ट सांगत आली आहेत, ती अशी की डावी बाजू गेली तर माणूस बोलतो तरी, पण उजवी बाजू गेली तर बहुधा वाचाही जाते. या निरीक्षणात पुष्कळ तथ्य आहे. मात्र उजवा हात आणि बोलणे यांचा वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. हा संबंध शोधत गेले म्हणजे मेंदूची जवळजवळ सगळी रचना वाटेत भेटते, म्हणून मेंदूच्या भागांची नावे आणि कामे पाठ्यपुस्तकाप्रमाणे ओळीने सांगण्याऐवजी या लेखात त्याच एका प्रश्नाचा माग काढला आहे.

मटणाच्या दुकानात बोकडाचा भेजा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मेंदू दिसतो कसा आणि हाताला लागतो कसा, हे सांगण्याची गरज नाही. माणसाचा मेंदू त्याच्या दहापट मोठा, म्हणजे साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा असतो आणि जिवंतपणी तो नीट न जमलेल्या खरवसाइतका मऊ असतो. इतका नाजूक अवयव डोक्यात हिंदकळून फाटत नाही, याचे कारण असे की कवटीच्या आत त्याच्याभोवती तीन आवरणे असतात आणि त्यांच्यामध्ये सुमारे दीडशे मिलिलिटर पाण्यासारखा नितळ द्रव खेळत असतो. या द्रवात मेंदू अक्षरशः तरंगतो, त्यामुळे त्याचे वजन आतल्या आत जेमतेम पन्नास ग्रॅम असल्यासारखे भासते. तान्ह्या बाळाची टाळू हाताला मऊ लागते आणि तिथे ठोके उडताना दिसतात, कारण तिथली कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात. जन्मानंतर मेंदू झपाट्याने वाढायचा असतो आणि त्याला जागा लागते, म्हणून टाळू भरायला साधारण दीड-दोन वर्षे लागतात.

कवटी उघडल्यावर प्रथम दिसतो तो मोठा मेंदू. पाठ्यपुस्तकात त्याला प्रमस्तिष्क म्हणतात. सोललेल्या अक्रोडासारखे त्याचे दोन अर्धे भाग असतात, त्यांना गोलार्ध म्हणतात, आणि मध्ये सुमारे वीस कोटी तंतूंचा एक जाड पट्टा त्यांना जोडत असतो. पृष्ठभागावर ज्या वळ्या दिसतात त्या दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या करड्या थराच्या असतात. हा थर उलगडून पसरला तर वर्तमानपत्राच्या एका पूर्ण पानाहून थोडी अधिक जागा व्यापेल. त्याचा दोनतृतीयांश भाग घड्यांच्या आत दडलेला असतो. मोठी सतरंजी लहान पेटीत कोंबावी, तसाच हा प्रकार आहे. चेतापेशींची शरीरे या करड्या थरात असतात, तर त्याखालचा पांढरा भाग म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या तंतूंच्या जुड्या होत.

या जुड्यांपैकी एक जुडी हातापायांना हुकूम देणारी आहे. ती मोठ्या मेंदूतून खाली उतरते आणि मेंदू जिथे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला मिळतो, त्याच्या किंचित वर, मस्तिष्कपुच्छ नावाच्या भागात तिच्यातले दहापैकी आठ-नऊ तंतू पलीकडच्या बाजूला ओलांडून जातात. त्यामुळे उजव्या हाताला चालवतो तो डावा गोलार्ध आणि डाव्या हाताला चालवतो तो उजवा. उजवी बाजू लुळी पडली, याचा अर्थ बहुतेक वेळा डाव्या गोलार्धाला इजा झाली, असा असतो. कोड्याचा अर्धा भाग इथे सुटतो.

उरलेल्या अर्ध्या भागासाठी गोलार्धाच्या पृष्ठभागाकडे पाहावे लागते. तिथे, साधारणपणे एका कानापासून टाळूपर्यंत केसांचा पट्टा बांधावा तशी, एक अरुंद पट्टी असते आणि शरीराच्या सगळ्या हालचालींचे हुकूम तिथून सुटतात. कॅनडातल्या माँट्रियल इथे वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पट्टीचा तपशीलवार नकाशा काढला. फेफऱ्याच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना तो त्यांना जागे ठेवी. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही, केवळ कवटीवरची कातडी आणि आवरणे बधिर केली की पुरते, त्यामुळे हे शक्य होते. पट्टीवर ठिकठिकाणी विजेचा अगदी सौम्य स्पर्श करून काय हलते, ते तो पाही. आज मुंबई-पुण्यातही मेंदूतली गाठ काढताना रुग्णाला जागे ठेवून बोलते करण्याची पद्धत वापरली जाते, ती याच कामाची पुढची पायरी आहे. पेनफिल्डच्या नकाशात पाय सर्वांत वर आणि दोन गोलार्धांच्या मधल्या फटीत, त्याखाली धड, मग हात, आणि सर्वांत खाली कानाच्या बाजूला चेहरा, ओठ आणि जीभ, असा क्रम लागला. जागेची वाटणी मात्र अवयवाच्या आकारानुसार नव्हती. अख्ख्या पाठीला मिळाली त्याच्या कितीतरी पट जागा बोटांना आणि ओठांना मिळाली होती, कारण सुई ओवणे किंवा ‘ळ’ उच्चारणे हे पाठ वाकवण्यापेक्षा कितीतरी बारकाव्याचे काम आहे.

आता या पट्टीच्या खालच्या टोकाशी, चेहरा आणि जीभ यांच्या जागेला लागूनच पुढे, डाव्या गोलार्धात जो भाग येतो, तो बोलणे जुळवणारा भाग होय. हा शोध १८६१ साली पॅरिसमध्ये लागला. बिसेत्र या रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षे राहत होता आणि त्याला ‘तां’ एवढाच एक उच्चार करता येत असे. काहीही विचारले तरी तो ‘तां, तां’ म्हणे, त्यामुळे सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. समोरच्याचे बोलणे त्याला बऱ्यापैकी समजे आणि हातवारे करून तो उत्तरही देई. पुढे त्याचा उजवा हात आणि मग उजवा पायही लुळा पडला. त्याच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात खालच्या बाजूला मोठी इजा आढळली. त्या भागाला आज ब्रोकाचेच नाव आहे. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या अवघ्या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरने उलट प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. हे लोक भराभर बोलत, पण त्या बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. त्यांच्या मेंदूतली इजा डाव्याच गोलार्धात, पण मागच्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला होती.

म्हणजे हात, चेहरा आणि बोलणे यांच्या जागा एकमेकींच्या शेजारी आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या तिन्ही जागांना रक्त पुरवणारी रोहिणी एकच आहे. गळ्यातून वर येणाऱ्या मोठ्या वाहिनीची ती सर्वांत मोठी शाखा असून गोलार्धाच्या बाहेरच्या बाजूवर ती झाडाच्या फांद्यांसारखी पसरते. हृदयात किंवा गळ्यातल्या वाहिनीत तयार झालेली रक्ताची गुठळी वाहत आली की बहुधा याच सरळ वाटेने आत शिरते. डाव्या बाजूच्या या एका नळीत ती अडकली, तर उजवा हात, उजव्या बाजूचा चेहरा आणि बोलणे ही तिन्ही कामे एकदमच ठप्प होतात. पायाची जागा मधल्या फटीत, वेगळ्या रोहिणीच्या हद्दीत असते, म्हणून अशा रुग्णांचा पाय हातापेक्षा लवकर सावरतो आणि कित्येकदा माणूस चालू लागला तरी हात लोंबतच राहतो. एखाद्या गल्लीतल्या तीन घरांचे नळ एकाच दिवशी बंद पडावेत, यात त्या घरांचे काही नाते नसते, त्यांची जलवाहिनी एक असते.

घरच्यांनी इथे एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जीभ जड होऊन उच्चार बोबडे होणे ही एक गोष्ट आणि शब्दच न सापडणे ही दुसरी. पहिली गोष्ट इजा कोणत्याही बाजूला झाली तरी होऊ शकते; तिच्यात भाषा शाबूत असते, फक्त तोंडाचे स्नायू ऐकत नाहीत. दुसरीत भाषाच विस्कटते आणि मग लिहिणेही जमत नाही. ज्यांना ऐकू येत नाही आणि जे हातांच्या खुणांच्या भाषेत बोलतात, त्यांच्या डाव्या गोलार्धाला इजा झाली तर त्यांच्याही खुणा अशाच विस्कटतात. यावरून डाव्या गोलार्धाचा संबंध आवाजाशी नसून भाषेशी आहे, हे दिसते. उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक लोकांत भाषा डावीकडे असते आणि डावखुऱ्यांतही बहुसंख्यांची तिथेच असते.

डावी बाजू गेली तर बरे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. उजव्या गोलार्धाला मोठी इजा झाली तर कित्येकदा रुग्णाच्या दृष्टीने जगाची डावी बाजूच नाहीशी होते. डोळे ठीक असतात, पण तिकडे लक्ष जात नाही. आपल्या पद्धतीने वाढलेले ताट समोर ठेवले तर असा रुग्ण उजवीकडची भाजी-आमटी संपवतो आणि डावीकडे वाढलेल्या चटणी, कोशिंबीर, लोणच्याला हातही लावत नाही. वर कोशिंबीर वाढलीच नाही अशी तक्रार करतो. ताट अर्धे फिरवून ठेवले की तीच कोशिंबीर त्याला दिसते. वाचा शाबूत असल्यामुळे घरच्यांना हा हट्ट किंवा वेड वाटते आणि रुग्ण उगाच बोलणी खातो.

आतापर्यंतच्या वर्णनावरून असे वाटेल की मेंदू म्हणजे खोल्यांची चाळ आहे आणि दारावर पाट्या लावल्या की काम संपले. माझ्या मते मेंदूविषयी सर्वाधिक गैरसमज या चित्रामुळेच झाले आहेत. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना उजव्या बाजूचा झटका आला, तेव्हा त्यांना तहान लागली तरी ‘पाणी’ हा शब्द सापडत नसे. तांब्याकडे बोट दाखवून ते ‘ते… ते…’ करीत आणि शेवटी चिडून डोळ्यांत पाणी आणीत. गणपतीत मात्र आरती सुरू झाली आणि त्यांनी पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत ती स्पष्ट उच्चारांत म्हटली. घरच्यांना तो चमत्कार वाटला. मेंदूविकारतज्ज्ञांना हा अनुभव नवा नाही. आरती, पाढे, वारांची नावे आणि शिव्या या घोकून किंवा सवयीने पक्क्या झालेल्या बोलण्याचा मार्ग नव्याने वाक्य जुळवण्याच्या मार्गाहून पुष्कळसा वेगळा असतो; चालीवर म्हणण्यात तर उजवा गोलार्धही हातभार लावतो. पॅरिसच्या त्या ‘तां’च्या तोंडूनही रागाच्या भरात एखादी शिवी बाहेर पडत असे, हे ब्रोकाने नोंदवून ठेवले आहे. बोलणे हे एका खोलीत बसलेले नसते. ते अनेक ठिकाणांना जोडणाऱ्या वाटांवरून चालते आणि एक वाट तुटली तरी दुसरी चालू राहू शकते.

या वाटा ज्या पेशींच्या बनतात, त्यांच्याकडे क्षणभर जवळून पाहू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येकीला संदेश घेणाऱ्या अनेक फांद्या आणि संदेश पुढे नेणारा एक लांब तंतू असतो. पेशीच्या आत संदेश विजेच्या लाटेसारखा धावतो आणि तंतूवर मेदाचे वेष्टन असेल तर त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरपर्यंत जातो. दोन पेशी मात्र एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतकी फट असते आणि तिथे वीज थांबून तिची जागा रसायन घेते. एक पेशी थेंबाहून अतिसूक्ष्म पुड्या फोडते आणि पलीकडची पेशी त्या रसायनाने उत्तेजित किंवा शांत होते. इटलीचा कामिल्लो गोल्जी याने १८७३ मध्ये पेशी काळ्या रंगात उठून दिसतील अशी पद्धत शोधली, पण सगळे तंतू एकसंध जाळ्यासारखे जोडलेले आहेत असे तो मानत राहिला. त्याचीच पद्धत वापरून स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल याने प्रत्येक पेशी स्वतंत्र असल्याचे दाखवले. १९०६ चे नोबेल या दोघांना विभागून मिळाले, आणि पारितोषिकाच्या भाषणातही गोल्जीने आपलेच म्हणणे रेटले. शिकणे म्हणजे मुख्यतः या फटींवरचे व्यवहार बळकट होणे किंवा क्षीण होणे होय.

आठवण नावाची एकच पेटीही मेंदूत नाही, हे हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणामुळे उघड झाले. फेफऱ्याच्या असह्य झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, त्याच्या दोन्ही बाजूंच्या कानशिलांच्या आतला भाग काढून टाकण्यात आला. त्यात समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा अवयव, म्हणजे हिप्पोकॅम्पस, बराचसा गेला. झटके कमी झाले, पण त्या दिवसानंतर नवी आठवण टिकेना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की त्याला ते नव्याने भेटल्यासारखे वाटत. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याच्यापुढे एक चांदणी ठेवली आणि हात थेट न पाहता केवळ आरशात पाहून तिच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला सांगितले. पहिल्या खेपेला पेन्सिल सारखी रेघेबाहेर गेली. तीन दिवसांच्या सरावानंतर ती सफाईने फिरू लागली. हे काम आपण पूर्वी केले आहे, याची मात्र त्याला प्रत्येक वेळी काहीच आठवण नसे. प्रसंगांची आठवण आणि हाताचे वळण या दोन वेगळ्या वाटा आहेत. २००८ मध्ये त्याचे निधन झाले, तोवर मेंदूशास्त्राने त्याच्याकडून जे घेतले ते फार मोठे होते.

कपाळामागचा भाग कशासाठी, हे सांगताना फिनिअस गेज या रेल्वे कामगाराची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. १८४८ मध्ये स्फोट होऊन मीटरभराहून लांब, सहा किलोची पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो जगला, चालत-बोलत राहिला, पण त्याचा संयम आणि धरबंध गेला. गोष्ट खरी आहे, पण ती पुढे फार रंगवली गेली. हाच गेज नंतर चिलीमध्ये कित्येक वर्षे सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता, हे बहुतेक सांगणारे गाळतात. योजना आखणे, मोह आवरणे, कामाचा क्रम लावणे यांत या भागाचा मोठा वाटा आहे, एवढे मात्र पक्के.

डोक्याच्या मागे, मानेच्या वर लहान मेंदू असतो. त्याचे वजन एकंदर मेंदूच्या दहाव्या हिश्शाइतके, पण ८,६०० कोटींपैकी जवळजवळ ६,९०० कोटी पेशी एकट्या त्याच्यात असतात. हालचालीचा हुकूम तो देत नाही. हुकूम योग्य क्षणी, योग्य जोराने पार पडतो की नाही हे पाहतो. दारू चढलेल्या माणसाचे पाय जसे फाकतात आणि बोलणे जसे लडबडते, तसे याला इजा झालेल्या माणसाचे दारूवाचून होते. डॉक्टर रुग्णाला स्वतःच्या नाकाला आणि मग समोरच्या बोटाला आळीपाळीने हात लावायला सांगतात, ते याच्याच परीक्षेसाठी.

या सगळ्याखाली अंगठ्याएवढा मेंदूचा देठ आहे. श्वास, रक्तदाब, गिळणे आणि जाग यांची सूत्रे तिथे असल्यामुळे अगदी लहान गुठळीही तिथे जीवघेणी ठरते. देठाचे काम कायमचे थांबले तर हृदय यंत्रांच्या मदतीने काही काळ धडधडत राहिले तरी माणूस मृत असतो आणि भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने या मृत्यूला मान्यता दिली आहे.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला वीस टक्के वाटा तो एकटा खातो. आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, हे जे वारंवार ऐकू येते, ते या एका आकड्यापुढेच टिकत नाही, कारण बिनकामाच्या नव्वद टक्क्यांना शरीराने असे पोसले नसते. एवढे खाऊनही मेंदू साठवण जवळजवळ करीत नाही. रक्त पूर्ण थांबले तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत कायमची हानी सुरू होते. मोठ्या झटक्यात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब मांडला गेला आहे. गुठळी विरघळवणारे औषध झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून हा रक्तस्राव नाही ना, याची खात्री करावी लागते, कारण रक्तस्रावात तेच औषध घातक ठरते. तोंड एका बाजूला वाकडे झाले, हात वर धरल्यावर एक हात खाली येऊ लागला किंवा बोलणे बिघडले की तेल चोळत बसण्यात हेच साडेचार तास जातात.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तरीही पुष्कळ रुग्ण सुधारतात. आजूबाजूच्या शाबूत पेशी नव्या जोडण्या करून काही कामे उचलतात आणि वाचा गेलेल्या काहींना चालीवर म्हणण्यापासून सुरुवात करून हळूहळू वाक्यांकडे आणता येते. पहिल्या काही महिन्यांत ही उचल सर्वाधिक असते. ज्याच्या बोटांत थोडी तरी हालचाल उरली आहे, अशा रुग्णासाठी एक उपचार आहे आणि घरच्यांना तो पाहवत नाही. त्याचा धडधाकट डावा हात दिवसातले कित्येक तास हातमोज्यात अडकवून ठेवतात, आणि समोरच्या वाटीतले राजम्याचे दाणे दुसऱ्या वाटीत टाकायला, पेला उचलायला, सदऱ्याचे बटण लावायला उजवाच हात वापरायला लावतात. डावा हात मोकळा असेल तर सगळी कामे तोच करून टाकतो, आणि मेंदूच्या डाव्या गोलार्धाला नवी वाट पाडण्याचे कारणच उरत नाही.